पांढरी पट्टी

आमच्या खोरेझममध्ये शेत पांढरं दिसलं की आधी माती बोटावर घेऊन चाटून बघतात. पांढरेपणा दोन तऱ्हेचा असतो, एक वाळल्याचा आणि एक मिठाचा. दुपारच्या उन्हात लांबून दोन्ही सारखेच दिसतात. सकाळी मात्र फरक कळतो. वाळलेलं शेत सकाळीही पांढरंच असतं. मिठाचं शेत काळपट, ओलसर दिसतं, कारण मीठ हवेतली ओल ओढून घेतं. ताश्कंदला जाऊन मी मातीचं शास्त्र शिकले, पण हा फरक तिथं जायच्या आधीच मला ठाऊक होता. आपानं शिकवला होता. आपा म्हणजे माझी आई.

ज्या तुकड्याची ही गोष्ट आहे त्याचं नाव शोर-अतीज, म्हणजे खारं शेत. मोठ्या चराच्या कडेला, गावाच्या अगदी टोकाला. मी शिकून परत यायच्या थोडं आधी, हिवाळ्याच्या तोंडी, गावच्या सभेत शेतकी संघाची जमीन घराघरांत कसायला वाटली जात होती. चांगले तुकडे भराभर गेले. शोर-अतीजचं नाव निघालं तेव्हा एकही हात वर झाला नाही. गावातले जुने शेतकरी मतनफसबुवा म्हणाले की तिथं झाऊची झुडपं तेवढी येतील, आणि तीही रडत रडत. सगळे हसले. बायका मागच्या बाजूला बसून चहा देत होत्या. त्यांच्यातल्या आपानं हातातली किटली खाली ठेवली आणि म्हणाली, "माझं नाव लिहा. बिकाजान."

संघाच्या अध्यक्षांनी एक अट घातली. एक हंगाम बघायचा. पीक उभं राहिलं तर तुकडा कायम तिचा; नाही तर परत संघाकडे, आणि आपा परत दुसऱ्यांच्या कापसात खुरपायला. लग्न होऊन आल्यापासून ती तेच करत आली होती. माझे वडील कालव्याच्या पंपावर कामाला, त्यामुळे जमीन आमच्या घरात कधी आलीच नव्हती. त्या दिवशी गावानं तुकड्याला नवं नाव दिलं: बिकाजानची मिठाची खाण.

हिवाळाभर तिनं शेत धुतलं. आमच्याकडे जमीनसुद्धा धुवावी लागते. बांध घालून वाफे करायचे, त्यात पाणी कोंडायचं, ते हळूहळू खाली मुरताना मीठ विरघळवून सोबत नेतं आणि चरात सोडतं. बांध फुटला की थंडीत गुडघाभर पाण्यात उभं राहून बुजवायचा. मी पदवी घेऊन आले तेव्हा तिसरं पाणी मुरत होतं आणि आपाच्या हातांच्या भेगांत मातीच्या रेघा कायमच्या बसल्या होत्या. तिला तिथं पांढरी ज्वारी करायची होती. मीठ थोडंफार सोसणारं पीक, आणि त्याच्या पिठाची भाकरी, आमची झोगोरा, तिला जगात सगळ्यात आवडते.

आता राहिली नांगरट. ट्रॅक्टर संपूर्ण संघात मिळून एकच, आणि तो चालवणारा रोझिमबाय, माझ्या वडिलांचा चुलतभाऊ. आपाला तो येंगा म्हणायचा, म्हणजे वहिनी, आणि दिराला शोभेल इतका वाह्यातपणा करायचा. उत्तरेकडून सुरुवात करून तो एकेक शेत उरकत दक्षिणेकडे जाई. ज्याची पाळी चुकली त्यानं तो सगळं गाव संपवून परत येईपर्यंत वाट बघायची.

आमच्या पाळीला तो भर दुपारी आला. शेत चुन्यासारखं पांढरं दिसत होतं. इंजिन बंद न करताच त्यानं ओरडून विचारलं की शिकलेली पोरगी चार वर्षं ताश्कंदला माती बघायला कशाला गेली होती, माती तर इथं फुकट मिळते. मग आपाला म्हणाला, "येंगा, पांढरं झालंय की. अजून काय, इस्त्री करून हवंय?"

आपानं फावडं घेतलं, नांगराचा फाळ जातो तितकं खोल खणलं, तळाची मूठभर माती घेऊन गोळा केला आणि फावड्याच्या पाठीवर टाकला. गोळा फुटला नाही. कणकेसारखा चपटा होऊन चिकटून बसला.

"वर दिसतंय ते मीठ आहे, रोझिमबाय," ती म्हणाली. "खाली अजून चिखल आहे. चाटून बघ."

"मला रक्तदाब आहे," तो म्हणाला.

मी चाटून पाहिलं. जिभेला आधी खारट, मग कडवट लागलं.

पेच सरळ होता. आमची माती चिकण. ओली असताना नांगरली की फाळामागून चकचकीत लगदा पडतो आणि उन्हात त्याच्या विटा होतात. त्या विटांत ज्वारीचा दाणा रुजत नाही. आणि वाफसा येईपर्यंत थांबावं तर ट्रॅक्टर पुढे जातो. तो परत येईस्तोवर ऊन वरची माती तापवत राहणार, खालचं खारं पाणी मातीतल्या केसाहून बारीक नळ्यांतून वर चढत राहणार, पाणी उडून जाणार आणि मीठ वर उरणार. हिवाळाभर खाली ढकललेलं सगळं मीठ पुन्हा छातीवर येऊन बसणार.

रोझिमबायला हे कळत नव्हतं असं नाही. पण त्याला रोजचं ठरलेलं काम पुरं करायचं होतं. तो म्हणाला, आता नाही तर मग कापसाची सगळी शेतं झाल्यावरच.

"जा तू," आपा म्हणाली. "परतताना ये."

"परत येईन तेव्हा मी मीठच नांगरीन, येंगा."

तो पलीकडच्या शेतात गेला. ते मतनफसबुवांचं. बुवांनी हात हलवून त्याला लगेच आत घेतलं आणि आमच्या बांधाकडे तोंड करून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, काही लोक नांगराशी लग्न ठरवतात आणि वरात दारात आली की मुहूर्त नाही म्हणतात.

आम्ही बांधावर चहाला बसलो. आपाचा चेहरा शांत होता, पण तिनं भाकरी मोडली आणि खाल्ली नाही. मी साखरेचा खडा चहाला नुसता टेकवला. चहा खड्यात भराभर वर चढला. मग एका खड्यावर दुसरा ठेवला, मध्ये भाकरीचे कोरडे, जाडेभरडे कण घालून. चहा खालच्या खड्याच्या माथ्यापर्यंत आला आणि तिथंच थबकला.

आपा हे सगळं निरखत होती. "माझी सासू दुसऱ्यांच्या शेतात पाण्यानंतर मोला फिरवायची," ती म्हणाली. "नांगराच्या आधी. का, ते तिनं सांगितलं नाही. म्हणायची, जमिनीचं तोंड बंद कर."

मोला म्हणजे जाड फळी, खालून लोखंडी दाते ठोकलेली, तुमच्याकडच्या कुळवाची खोरेझमी बहीणच म्हणा. आजीची ती मोला आमच्या गोठ्याच्या छपराला आधार म्हणून लावलेली होती. मी हिशोब मांडला. नांगराइतकं खोल वाळायला वेळ लागतो, पण वरची दोन बोटं माती तर आत्ताच मोडण्याजोगी झाली होती. तेवढीच भुसभुशीत केली की नळ्या तुटतील, मीठ खालीच अडेल. खालचं जास्तीचं पाणी मात्र चराकडे झिरपत राहील. पाणी एकीकडून जाईल, मीठ दुसरीकडून येणार नाही. आपाला मी हे सांगितलं. ती म्हणाली, हे तिच्या सासूला चार वर्षं न शिकता कळलं होतं, पण का ते कळलं तर बरंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी छपराला दुसरा खांब लागला आणि मोला गाढवामागे जुंपली गेली. फळीवर वजन लागतं, नाही तर दाते नुसते घसरतात. आपानं माझ्याकडे पाहिलं. "चढ, इंतिजोर. तुझ्या पदवीचं वजन पडू दे."

मी दोन्ही पाय फाकवून फळीवर उभी राहिले, दोरी धरली आणि गाढव चाललं. पांढरी खपली मोडायची तेव्हा वाळलेल्या नानच्या पापुद्र्यासारखा आवाज येई. मागे तपकिरी भुगा पडत जाई. रस्त्यानं जाणारे थांबून बघत. विद्यापीठात हाच खेळ शिकवतात का, असं एकानं विचारलं. आपानं त्याला सांगितलं की याच्यासाठी परीक्षा द्यावी लागते, तुला बसू देणार नाहीत.

अर्धं शेत झाल्यावर मी एक मागणं केलं. मला मध्ये फळीच्या रुंदीची एक पट्टी तशीच सोडायची होती, हात न लावता. पट्टी ठेवली नाही तर मीठ मोला फिरवल्यामुळे थांबलं की आपोआप, हे कधीच कळणार नव्हतं.

आपाला हे अजिबात आवडलं नाही. ज्वारीसाठी एकेक हात जमीन तिनं धुतली होती. "मीठ पिकवायला जागा मागतेस?" ती म्हणाली. थोडा वेळ गाढवाच्या मानेवरून हात फिरवत उभी राहिली. मग म्हणाली, "रस्त्याकडच्या बाजूला घे. लपवायचं काही नाही."

मध्ये एकदा पावसाची भुरभुर आली आणि वरची माती पुन्हा चिकटून खपली धरली. आपानं गाढव जुंपलं आणि आम्ही सगळं शेत पुन्हा फिरलो. पट्टी सोडून.

हळूहळू पट्टी उगवायला लागली. दुसरा शब्द मला सुचत नाही. आधी कडेला पांढुरकी रेघ, मग ठिपके, मग अख्खी पट्टी पांढरीशुभ्र झाली, तपकिरी शेतात कुणी दुपट्टा वाळत घातल्यासारखी. दोन्ही बाजूंना माती होती तशीच राहिली. मी दोन्हीकडची माती बाटलीत पाणी घालून हलवून पाहिली, वरचं निवळलेलं पाणी उकळून आटवलं. पट्टीच्या भांड्यात तळाला जाड साय राहिली. शेताच्या भांड्यात नुसता डाग. आपानं दोन्ही भांडी उन्हात धरून पाहिली आणि बराच वेळ खाली ठेवली नाहीत.

रोझिमबाय परत आला तेव्हा लांबूनच थांबला. या वेळी त्यानं इंजिन बंद केलं. उतरून सरळ पट्टीवर गेला, मग बाजूच्या मातीवर आला, परत पट्टीवर गेला. वाकून बोट टेकवलं आणि जिभेला लावलं.

"रक्तदाबाचं काय?" आपानं विचारलं.

"राहू दे तो," तो म्हणाला. "ही पट्टी कुणी काढली?"

आपानं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. त्या हनुवटीत जे होतं ते मला पदवीदानाच्या मंचावरही मिळालं नव्हतं.

तिनं पुन्हा फाळाइतकं खणलं, गोळा केला, फावड्यावर टाकला. तो फुटला, आणि फुटून रवाळ दाणे चहूकडे पसरले. वाफसा आला होता. रोझिमबायनं ते पाहिलं आणि फाळ किती खोल घालू ते तिलाच विचारलं. एरवी तो कुणाला विचारत नसे.

त्यानं नांगरलं ते मी विसरणार नाही. नांगराची तासं ताणलेल्या दोरीसारखी सरळ. फाळावरून माती उलटत होती आणि उलटताना स्वतःच मोकळी होत होती. वरचा भुगा खाली, खालची गार माती वर, गेल्या वर्षीच्या तणाची मुळं उघडी पडून उन्हात. पक्षी नांगरामागे उतरले. नांगरायचं कशासाठी, असं मला कुणी विचारलं तर पुस्तकातली उत्तरं मी देईन: मुळांना हवा, पाण्याला वाट, तणाला मरण. पण आमच्या गावात आणखी एक आहे. मिठाची वर येण्याची वाट मोडायला नांगरायचं, आणि ती केव्हा मोडायची हे जमिनीलाच विचारायचं. आपा काठावर उभी होती, हात पाठीमागे बांधून, लष्कराची पाहणी करणाऱ्या सेनापतीसारखी.

मतनफसबुवांच्या शेतात तेव्हा त्यांच्या सुना फावड्यांच्या पाठीनं ढेकळं फोडत होत्या. एका संध्याकाळी बुवा स्वतः आमच्या दारात आले, हवापाण्याचं बोलले, चहा घेतला, आणि जाता जाता मोला मागितली. आपानं लगेच दिली. फक्त म्हणाली, "फळी आमची, बुवा. वजन तुमचं तुम्ही घाला." ते हसले आणि खरंच दुसऱ्या दिवशी फळीवर उभे दिसले, टोपी सांभाळत.

ज्वारी आली. अख्ख्या शेतात माणसाच्या डोक्यावर गेली, कणसं पांढरी, जड, मान वाकवलेली. पट्टीवर कंबरेएवढी राहिली आणि विरळ. लांबूनसुद्धा पिकात पडलेली ती खाच दिसे. पाहुणे आले की आपा आधी तिथंच नेई. बाकीचं शेत माझं, म्हणायची, पण हे मुलीचं पीक. अख्ख्या गावात असं दुसरं कुणाला जमलेलं नाही.

हिवाळ्याच्या तोंडी पुन्हा सभा झाली. अध्यक्ष एकेक तुकड्याचं नाव घेत होते. शोर-अतीज म्हणताच त्यांनी सवयीनं विचारलं, कोण घेणार, आणि हात वर झाले. एक नाही, पाच-सहा. त्यात एक मतनफसबुवांचा होता. पिकाची अट अध्यक्षांना आठवते की नाही, मला कळेना.

आपा मागे बसून चहा ओतत होती. तिनं हातातली वाटी पूर्ण भरली, पुढच्या माणसाला दिली आणि मगच मान वर केली.

"हात खाली घ्या," ती म्हणाली. "अट माझ्याशी झाली होती. ज्वारी कापून झाली, झोगोरा तुम्ही सगळ्यांनी खाल्लीय."

अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. ते खरं आहे, म्हणाले, तुकडा बिकाजानचा, कायमचा. हात हळूहळू खाली गेले. बुवांनी आपला हात डोकं खाजवण्यात संपवला.

"आणि चराच्या पलीकडचा तुकडाही लिहा," आपा म्हणाली. "तो याच्याहून खारा आहे. त्याला तर अजून कुणी नावसुद्धा ठेवलेलं नाही."

सभेत कुणी हसलं नाही. रोझिमबाय तेवढा दाराशी उभा राहून म्हणाला, की त्याच्या फेरीत यंदा येंगाचं शेत कधी घ्यायचं ते येंगानंच कळवावं.

आपानं किटली उचलली आणि मला हाक मारली, इंतिजोर, गाढवाला दाणा घाल.