नऊशे सहा ओझी

सन १९५७ च्या सुरुवातीला सरकारला एकदम वीस वर्षांनंतरची काळजी वाटू लागली. पुढं राज्यात किती गाड्या धावतील, रस्ता कुठं लागेल, पूल कुठं लागेल, हे ठरवायला एक समिती नेमली गेली. तिचं कागदोपत्री नाव दीड ओळीचं होतं. आमच्या बारामती-इंदापूर भागात तिला नुसतं ‘वीस सालाची कमिटी’ म्हणत, आणि म्हणताना तोंडातलं पान थुंकावं तसं म्हणत. मीही तसंच म्हणतो. त्या कमिटीचं मी आठ दिवस काम केलेलं आहे, तेव्हा मला तो हक्क आहे.

मी रावजी मास्तर. तेव्हा खोरवाडीच्या शाळेत एकटाच शिक्षक होतो. खोरवाडी म्हणजे लासुर्ण्याच्या अलीकडचं साठ उंबऱ्यांचं गाव. जमीन चांगली, विहिरींना पाणी, आणि घरटी भाजीपाला. वांगी, गवार, मेथी, टमाटे. अडचण एकच होती. गाव आणि बारामतीचा मोठा रस्ता यांच्या मध्ये कॅनॉल आडवा होता. कॅनॉलवर दोन हात रुंदीचा एक पूल होता, पाटकऱ्याला पायी ये-जा करण्यापुरता. त्यावरून गाडी जात नसे. गाडीनं जायचं तर सात मैलांचा वळसा. म्हणून बायका पाट्या डोक्यावर घेऊन पूल ओलांडत, पुढं दीड मैल चालत, आणि रस्त्यावर एस.टी. किंवा एखादी लॉरी गाठत. कॅनॉल झाल्यापासून हे असंच चाललं होतं.

सरकारी मोजणी आली की मास्तर आठवतो. ढोरं मोजायची असोत, माणसं मोजायची असोत, की मतं. त्या साली वाहतूक मोजायची होती. जानेवारीत मला हुकूम आला : कॅनॉलच्या पुलाशी सात दिवस बसून जाणारी-येणारी वाहनं टिपून घ्यावीत. सोबत छापील तक्ता. त्यात खाने होते मोटार, लॉरी, एस.टी., बैलगाडी आणि सायकल यांचे. दोन हात रुंद पुलावर लॉरी मोजायला माणूस बसवणाऱ्यांच्या अकलेबद्दल मी तेव्हाच काय ते समजायला हवं होतं.

पहिल्या दिवशी सायकली तीन. बाकी सगळीकडं शून्य. आणि माझ्या समोरून सकाळपासून पाट्यांची रांग चाललेली. संध्याकाळी परत येताना ठमाबाई माझ्या टेबलाशी थांबली. ठमाबाई पंचेचाळिशीची, नवऱ्यामागं चार एकर मळा एकटीनं बघणारी, तोंडानं फटकळ.

“मास्तर, काय मोजताय?”

“वाहतूक.”

“मग आमाला कुठल्या खान्यात धरलं?”

मी तक्ता तिच्याकडं फिरवला. तिला वाचता येत नव्हतं, पण शून्य ओळखता येत होतं. तिनं डोक्यावरची चुंबळ काढली, मान चोळली आणि म्हणाली, “बरं हाय. दिसभर तुमच्या म्होरनं गेलो आन् गेलोच न्हाय.”

मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी फूटपट्टी घेऊन तक्त्याच्या कडेला एक खाना आखला आणि त्यावर लिहिलं : ‘डोईवरची ओझी’. उरलेल्या सहा दिवसांत त्या खान्यात नऊशे सहा ओझी भरली. तक्ता मी इंदापूरला पाठवून दिला आणि वर्षभर कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, वाचला असेल. वाचला असेल आणि पटला असेल. माणूस भोळा असतो.

पुढच्या फेब्रुवारीत दुसरा हुकूम आला. कमिटीचं काम संपत आलं होतं. शेवटची बैठक इंदापूरच्या डाकबंगल्यात होती, आणि छापील तक्त्यात परस्पर फेरफार केल्याबद्दल मी तिथं समक्ष खुलासा द्यायचा होता. गावात ही बातमी कळली तेव्हा ठमाबाई म्हणाली, “खाना माज्यामुळं आखला. मी बी येनार.” पाटील सर्जेराव तिला नको म्हणाले. ती आली. येताना वांग्यांची पाटी घेऊन आली, कारण इंदापूरला जायचंच तर रिकाम्या हातानं कशाला.

डाकबंगल्यात पाच माणसं होती. अध्यक्ष म्हणजे निवृत्त इंजिनियर, पांढरी टोपी, कानात केस. सचिव तरुण, सगळं त्याच्याच हातात. बाकीचे तिघे तिथं का होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनाही माहीत असावं असं वाटलं नाही. भिंतीवर नकाशा टांगला होता आणि त्यावर १९७७ सालचे रस्ते तांबड्या शाईनं काढलेले होते. आम्ही दोन तास व्हरांड्यात बसलो. आतून बोलणं ऐकू येत होतं. ते रस्त्यांबद्दल नव्हतं. बारामतीला समारोप होणार होता, तिथं फोटो काढायचा होता, आणि त्यात अध्यक्षांच्या उजव्या हाताला कुणी बसायचं यावर दोन सभासद हमरीतुमरीवर आले होते.

मग आम्हाला आत बोलावलं. सचिवानं माझा तक्ता दोन बोटांनी उचलला.

“हा खाना कुणाच्या परवानगीनं?”

“कुणाच्याच नाही, साहेब. पण ओझी जातात. मी डोळ्यांनी—”

“डोळ्यांनी पुष्कळ दिसतं, गुरुजी. कावळेही जातात पुलावरून. वाहतूक म्हणजे चाकावरची. माणूस हे वाहन नव्हे.”

ठमाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, “साहेब, मग पूल बांधा. चाकं आनतो आमी.”

सचिव हसला. “बाई, पूल कुठं बांधायचा हे वाहतुकीवरून ठरतं. तुमच्याकडं वाहतूक शून्य आहे.”

“पूल न्हाय म्हनून शून्य हाय.”

“तेच सांगतोय मी. शून्य आहे.”

अध्यक्षांनी डोळे उघडले. ते माणूस वाईट नव्हते, नुसते निरुपयोगी होते. म्हणाले, “बाई, आम्ही वीस वर्षांनंतरचा विचार करतोय. तोवर तुमच्या गावात मोटारी येतील.”

“येतील की. पर आज तोडलेली वांगी तवर राहनार न्हाईत.”

तिघांपैकी एक सभासद मोठ्यानं हसला आणि अध्यक्षांनी वळून बघताच गप्प झाला. शेवटी, कुणी बोट दाखवू नये म्हणून, सचिवानं फेरगणतीचा हुकूम काढला. एक दिवस, सोमवारी, ओव्हरसियरच्या देखरेखीखाली. चाकं दिसली तर अहवालात नोंद, नाहीतर विषय संपला. आम्ही बाहेर पडलो तेव्हा शिपाई ठमाबाईला वांग्यांचा भाव विचारत होता. ती म्हणाली, “हितल्या मानसांना इकायची न्हाईत,” आणि पाटी उचलून बाजाराकडं चालू लागली.

रविवारी चावडीपुढं गाव जमलं. सर्जेरावांचं म्हणणं, अर्ज करू. झुंबर सुतार कोपऱ्यात बिडी ओढत बसला होता. गावातल्या सगळ्या गाड्या त्याच्या हातच्या. तो म्हणाला, “चाक पायजे ना त्यास्नी? गाडी मी खोलून देतो. पल्याड नेऊन जोडून देतो. तासाचं काम हाय.”

मग ठमाबाई म्हणाली, “माजी गाडी घ्या.”

सोमवारी सकाळी ओव्हरसियर सायकलवरून आला, मी टेबल मांडलं, आणि अलीकडच्या काठावर ठमाबाईची गाडी येऊन उभी राहिली. झुंबरनं बैल सोडले, चाकं काढली, आख काढला, साटा, म्हणजे गाडीचा वरचा सांगाडा, मोकळा केला. आठ गड्यांनी साटा उभा धरून डोक्या-खांद्यावर घेतला आणि एकामागं एक पुलावर चढले. पूल अरुंद, खाली कॅनॉल भरून वाहता. मधोमध त्या आठांपैकी महिपतीचा पाय सरकला. साटा एका अंगाला कलला, बायकांनी किंकाळी फोडली. मागच्या गड्यानं गुडघा टेकून भार झेलला म्हणून निभावलं. मी खुर्चीतून कधी उठलो होतो ते मला कळलं नाही. ओव्हरसियर बसलेलाच होता.

साट्यामागनं आख गेला, जू गेलं. बैल एकेक करून कासऱ्यानं नेले. चाकं शेवटी. झुंबरनं पहिलं चाक उभं केलं आणि हातानं ढकलत पुलावरून घरंगळत नेलं.

ओव्हरसियर मला म्हणाला, “शून्य लिहा.”

“शून्य कसं? गाडी गेली.”

“गाडी डोक्यावरून गेली. चाक फिरलं पाहिजे.”

पलीकडून झुंबर ओरडला, “फिरलं की! बगितलं न्हाय व्हय? थांबा, दुसरं बी फिरवून दावतो!” आणि अलीकडं परत येऊन त्यानं दुसरं चाकही तसंच, सावकाश, ओव्हरसियरच्या बुटाला घासून नेलं.

“एकट्या चाकाला गाडी म्हणत नाहीत,” ओव्हरसियर म्हणाला. तो लालबुंद झाला होता, पण शब्द सोडायला तयार नव्हता. माझ्या मनात त्या क्षणी त्या माणसाविषयी राग नव्हता. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. मी लेखणी उचलली आणि बैलगाडीच्या खान्यात लिहिलं : ‘एक. खोलून, माणसांच्या डोक्यावरून नेली. चाके फिरली.’ खाली सही केली. शेजारी पुन्हा खाना आखला आणि त्या दिवसाची ओझी लिहिली, एकशे अठ्ठेचाळीस. ओव्हरसियरनं तक्ता घडी करून खिशात घातला आणि निघून गेला.

पलीकडं गाडी जोडून झाली. ती परत खोलायची की सात मैलांच्या वळशानं घरी न्यायची, यावर बोलणं चाललं होतं, तेवढ्यात पलीकडच्या मळ्यातून दत्तोबा आला. दत्तोबाचा ऊस कॅनॉलच्या त्या अंगाला होता आणि खोरवाडीशी त्याचा आजवर रामरामापलीकडं संबंध नव्हता. तो सकाळपासून बांधावर उभा राहून बघत होता.

“परत कशाला नेता?” तो म्हणाला. “माज्या इहिरीजवळ झापाखाली ठेवा. बैलं रोज अशीच आना. वझं पुलापुरतं घ्या डोक्यावर, म्होरं गाडीत टाका.”

ठमाबाईनं विचारलं, “आन् कुनी नेली गाडी तर?”

“माजी नेतील का? मग तुमची कशी नेतील?”

इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. पलीकडं कुणाची वीतभर जागा नव्हती, आणि मागायची कुणाला हे माहीत नव्हतं. त्या आठवड्यात आणखी दोन गाड्या वळशानं पलीकडं नेऊन ठेवल्या.

मार्चमध्ये बारामतीला समारोप झाला. मोजणी करणाऱ्या शिक्षकांना आमंत्रण होतं, म्हणजे मांडव भरायला आणलं होतं. हार झाले, भाषणं झाली. अध्यक्ष म्हणाले, या भागातला एकही पैलू आमच्या नजरेतून सुटलेला नाही. टाळ्या पडल्या. फोटोला अध्यक्षांच्या उजवीकडं अखेर सचिव बसला. मग छापील अहवाल हातोहाती फिरला. मी आमचं पान काढलं. ‘खोरवाडी : फेरगणतीत चाकी वाहतूक आढळली नाही. पुढील वीस वर्षांत पुलाची आवश्यकता संभवत नाही.’

मी चहाच्या टेबलापाशी सचिवाला गाठलं. “साहेब, माझ्या तक्त्यात एक लिहिलं होतं. हे शून्य कुणी केलं?”

तो बशीतला चहा फुंकत म्हणाला, “गुरुजी, तुमची फेरगणती सोमवारची. अहवाल त्याआधीच्या शुक्रवारी छापायला गेला होता.”

त्याला हे सांगताना काही वाटलं नाही. आठ माणसं भरल्या कॅनॉलवरून साटा घेऊन गेली होती, महिपतीचा पाय सरकला होता, आणि पान तीन दिवस आधी जुळवून तयार होतं. मी अहवाल त्याच्या बशीशेजारी ठेवला आणि म्हणालो, “मग आम्हाला बसवलं कशाला?”

“बैठकीत ठरलं होतं ना,” तो म्हणाला.

जूनमध्ये माझी बदली सुप्याला झाली. कारण लिहिलेलं नव्हतं. निघायच्या दिवशी माझी ट्रंक सर्जेरावांनी स्वतः डोक्यावर घेऊन पूल ओलांडला. मी नको म्हणालो तरी ऐकलं नाही. दत्तोबाच्या झापाखाली आता पाच गाड्या होत्या. ठमाबाईनं ट्रंक पाट्यांमध्ये बसवली, मला पुढं बसवलं आणि बैल हाकले. दीड मैल ती एका हातात कासरा धरून पाय सोडून बसली होती. मी विचारलं, “मान कशी आहे आता?”

“बरी हाय. झोप लागती.” थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, “मास्तर, ती कमिटी आता काय करती?”

“संपली. दुसरी नेमणार म्हणतात.”

“कशाला?”

“पहिलीनं काय सांगितलं ते बघायला.”

ती नुसती नाकातून हसली. रस्त्याला लागलो तेवढ्यात एस.टी. आली. मी ट्रंक उतरवून घेईपर्यंत ठमाबाई पहिली पाटी टपावर द्यायला शिडीशी पोचली होती आणि जागा नाही म्हणणाऱ्या कंडक्टरला, त्याच्या आईबापाची चौकशी करत, जागा कुठं हाय ते दाखवत होती.