वजन भरलेलं पिल्लू

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाच मापात पाप केलं, आणि तेही सख्ख्या भावाच्या बाबतीत. गल्लीत त्याला सगळे काटेवाला म्हणत. दाणेवाला असो की भंगारवाला, काटा अडला की त्याच्याच दुकानाची पायरी चढायचा, कारण पाच ग्रॅमच्या फरकानेही याची झोप उडायची. इतकी वर्षं पोटात दाबून ठेवलेल्या त्या एका गोष्टीने मात्र उडत नसावी, असा निदान त्याच्या बायकोचा समज होता.

शनिवारी दुपारी धाकटा भाऊ दुकानाच्या दारात उभा राहिला, तेव्हा काटेवाल्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. सात वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. चुकून समोरासमोर आलेच तर एकमेकांच्या खांद्यावरून पलीकडे बघायचे. धाकट्याच्या मागे त्याची मुलगी होती, आता चौदा वर्षांची, उजवा हात खिशात घातलेली. गल्लीच्या तोंडाशी सामान भरलेला टेम्पो उभा होता.

"दादा, बदली झालीय. आत्ताच निघतोय," धाकटा म्हणाला. "वहिनीने फोनवर पिल्लांचं सांगितलं, तेव्हापासून हिने डोकं खाल्लंय. एक द्या म्हणते."

काटेवाल्याला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. कुत्रं दिसलं की ही पोरगी रस्ता ओलांडून पलीकडे जाते, हे साऱ्या घराला ठाऊक होतं. आणि का, तेही ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी त्यानेच धाकट्याला एक पिल्लू दिलं होतं. एकुलतं एक, गुटगुटीत, नाव सव्वाशेर. वर्षाच्या आत त्याने या पोरीचा हात धरला तो सोडलाच नाही. दोन बोटं कायमची वाकडी झाली, आणि सव्वाशेरला डॉक्टरकडून इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागलं.

"तुला साधं कुत्रं वळणावर आणता आलं नाही," असं तेव्हा काटेवाला सगळ्यांदेखत भावाला म्हणाला होता.

आता पोरगी टेबलाखालच्या खोक्याजवळ गुडघ्यांवर बसली. आत छटाक नावाची कुत्री आणि तिची तीन पिल्लं होती. पोरीने खिशातला हात बाहेर काढला. तो खोक्याच्या कडेवर ठेवला आणि मागे घेतला नाही. तेवढ्यात पांढऱ्या पायाच्या पिल्लाने दुसऱ्या पिल्लाचा कान कचकन धरला. ते केकाटलं. छटाकने नुसतं गुरकावून पाहिलं, तसं पांढऱ्या पायाच्याने कान सोडला आणि ते गरीब तोंड करून बसलं.

"हेच," पोरगी म्हणाली.

काटेवाल्याने दाराच्या फळीकडे पाहिलं. पिल्लांचं रोजचं वजन तो तिथे खडूने मांडायचा, वर जन्माची तारीख. काल सहा आठवडे पूर्ण झाले होते.

"दोन आठवडे थांब," तो म्हणाला. "मी स्वतः आणून देतो."

"आठ तासांचा रस्ता आहे. तू येणार?" धाकटा हसला. "ही दवाखान्यात होती, तेव्हा बघायलाही आला नाहीस तू."

"आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये."

"हो का? हे शास्त्र कधीपासून?" धाकट्याने पिल्लू उचललं आणि सरळ टेबलावरच्या काट्यावर ठेवलं. आकडा थरथरून स्थिर झाला. "दोन किलो सातशे. वजन भरलं की पिल्लू तयार! तुझेच शब्द ना? सव्वाशेरला असंच इथे ठेवलं होतंस. द्यायचं नसेल तर तसं सांग, दादा. वयाची सबब नको."

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

एक शब्द पुरे होता. "ने" म्हटलं की भाऊ परत मिळत होता. सात वर्षांनी तो आपल्या पायांनी पायरी चढून आला होता, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची राहत होती. काटेवाल्याने तोंड उघडलंही. मग त्याची नजर काट्यावरून खाली पोरीच्या बोटांवर गेली. दोन बोटं मिटत नव्हती.

"सव्वाशेर पाच आठवड्यांचा होता," तो म्हणाला.

"काय?"

"मी दोन महिन्यांचा सांगितला. तारीख लिहिली नव्हती. वजन केलं, सव्वातीन किलो भरलं, म्हटलं झाला मोठा. एकटंच पिल्लू, आईचं सगळं दूध त्यालाच. फुगणारच. पुढे जनावरांच्या डॉक्टरचा काटा दुरुस्तीला आला, तेव्हा त्याने सांगितलं. चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू आईकडे आणि भावंडांत शिकतं. त्याला भावंड नव्हतं, आणि आई मी तोडली. वळण लावायला तुझ्या हाती काही उरलंच नव्हतं." तो म्हणाला. "हे कळून सहा वर्षं झाली. तुझ्यापुढे यायला मला तोंड नव्हतं."

धाकटा पांढराफटक पडला. त्याने टेबलाची कड धरली, आणि क्षणभर काटेवाल्याला वाटलं, आता हा हात उचलणार. उचलला असता तर बरं झालं असतं.

पण बोलली ती पोरगी. "काका, म्हणजे मी त्याच्या ताटलीला हात लावला म्हणून नव्हतं?"

"कुठली ताटली?"

"त्याची. जेवताना मी ओढली होती. मी कुणालाच सांगितलं नाही." तिने पुन्हा हात खिशात घातला. "मला वाटलं, माझ्यामुळे मारलं त्याला."

काटेवाला खाली तिच्याशेजारी बसला.

"नाही गं बाळा. तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळे."

टेम्पोचा हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. पोरीने डोळे पुसले. काट्यावरचं पिल्लू तिने स्वतः उचललं आणि छटाकच्या कुशीत ठेवलं. मग फळीवरचा खडू घेऊन बोटांवर हिशेब केला आणि वाकड्या बोटांनी दोन आठवड्यांनंतरची तारीख लिहिली.

धाकटा दाराबाहेर पडला होता. पायरीवर थांबून, मागे न बघता तो म्हणाला, "त्या दिवशी ती येईल. मी येईन की नाही, ते आत्ता विचारू नकोस."

काटेवाल्याने खाली पडलेला स्क्रू-ड्रायव्हर उचलला.