चौतीस मिनिटं

तयारीच्या तक्त्यात कुणीतरी हिरवा करून ठेवलेला रकाना कीर्तीने तिसऱ्यांदा लाल केला. लाल म्हणजे तयार नाही. पडद्यावरच्या बैठकीत सगळे ते पाहत होते.

धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या गावांना मोबाइलवर इशारा जावा, यासाठी तीन शहरांतल्या तीन टीम वर्षभर राबत होत्या. एक पाण्याची पातळी टिपणारी, दुसरी संदेश पाठवणारी, तिसरी ॲप बनवणारी. या सगळ्यांची मोट कीर्ती आंधळगावच्या घरात बसून बांधत होती.

"आमच्याकडून संदेश दोन सेकंदांत सुटतो," दुसऱ्या टीमचा कैलाश चिडून म्हणाला. "पुढचं आमच्याकडे नाही."

कीर्ती म्हणाली, "ज्याचं त्याचं बरोबरच आहे. पण काल चाचणीला नदीकाठच्या गावातल्या बायाबाई नावाच्या एक बाई मासेमारीच्या डोंग्यात बसून होत्या. त्यांच्या फोनवर इशारा चौतीस मिनिटांनी आला."

बैठक संपताच विभागप्रमुख भूपेंद्र सरांचा फोन आला. ते मूळचे तुमसरचे. गोडीगुलाबीने घ्यायचं असलं की गावच्या बोलीवर उतरत.

"काहून अडून राहिली बाई? सोमवारी उद्घाटन आहे. कर हिरवा, मागाहून सुधारू."

"मागाहून म्हणजे पाणी आल्यावर का, सर?"

"तुझ्या जागी दुसरा माणूस देईन मी."

"द्या. त्याले करू द्या हिरवा. माझ्या नावानं होणार नाही."

तिने फोन ठेवला. मागावर बसलेले वडील, टिकाराम, विणणं थांबवून तिच्याकडे पाहत होते.

"नोकरी गेली का?"

"काम गेलं. नोकरीचं उद्या पाहू."

संध्याकाळी मेल आला. पुढची सूत्रं कैलाशकडे. तिने एकेक फाइल त्याच्या नावे केली आणि चाचणीचा अहवाल, कुणी मागितला नसताना, सगळ्यांत वर ठेवला. मग लॅपटॉप मिटला.

शनिवारी सकाळी कैलाशचाच फोन. मागे रेल्वे स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती.

"मॅडम, तुमचा अहवाल वाचून भंडारा रोडला उतरलोय. चाचणी झाली तिथं, नदीवर कसं जायचं?"

"मी आता त्या कामावर नाही."

"म्हणून तर मेल नाही केला. फोन केला."

कीर्ती उठली. तिने खुंटीवरची ओढणी घेतली.

"तिथंच थांबा," ती म्हणाली. "मी येते."