बर्फातली खिंड

विरेशनं टीपॉयवरचे चहाचे कप स्वतः उचलून फरशीवर ठेवले आणि किर्गिझस्तानचा नकाशा पसरला. कोपरे सारखे गुंडाळले जात होते, म्हणून एकावर चष्म्याची डबी आली, दुसऱ्यावर मोबाईल, तिसऱ्यावर भाजक्या शेंगांची वाटी. चौथा कोपरा त्यानं तळहातानं दाबून धरला. जणू तो अख्खा देश एकदा त्याच्या हाताखालून गेला होता.

दानेश्वरी सोफ्याच्या टोकाला बसून बघत होती. घरात दोघंच असली की हा माणूस पाणी प्यालेला तांब्या जागचा हलवत नाही. पाहुणे आले की कप उचलतो.

समोर शिवानी आणि गुरु बसले होते. शिवानी विरेशच्या चुलतभावाची मुलगी. लग्नाला वर्ष झालेलं, नवराबायको दोघंही पुण्यात एका कंपनीत. गणपतीला सोलापुरात आले होते आणि दिवाळीच्या सुट्टीत मोटारसायकलवरून किर्गिझस्तान करणार होते. हे खूळ त्यांच्या डोक्यात घातलं होतं विरेशनंच.

"काका, हा आमचा रस्ता," गुरु नकाशावर वाकला. "फक्त या खिंडीचं विचारायचं होतं. गाडी भाड्यानं देणारा माणूस म्हणतो, त्या दिवसांत तिकडनं जाऊ नका. वरती बर्फ पडायला लागतो. खालनं एक लांबचा रस्ता आहे, तो घ्या म्हणतो."

"म्हणणारच की तो," विरेश म्हणाला. "त्याला त्याच्या गाडीची काळजी."

"मी पण हेच म्हणलं," शिवानी हसली. "म्हणलं, आमच्या काकांनी बर्फातनंच पार केली. काकूंना मागं बसवून."

विरेशनं डोळे मिटल्यासारखे केले आणि मान हलवली. ही मान दानेश्वरीच्या चांगली ओळखीची होती. व्यापाऱ्यांच्या मंडळात पडद्यावर फोटो दाखवताना, एका शाळेत पोरांपुढं, मंद्रूपला मेहुण्याच्या घरभरणीत जेवणं झाल्यावर, सगळीकडे खिंडीची गोष्ट आली की आधी ही मान हलायची. मग आवाज खाली यायचा. मग तो म्हणायचा, "रस्ता माणसाला नम्र करतो." दानेश्वरी तेवढ्या वेळात छताकडे बघायची.

मुळात हा देश त्यानं निवडला तो त्याच्या दुकानाशेजारच्या टॉवेलवाल्यावर मात करायला. तो लेहला जाऊन आला आणि भवानी पेठेतल्या प्रत्येक गल्लीत त्याचं कौतुक झालं. "लेहला काय, आता कुणीही जातं," असं विरेश महिनाभर म्हणत राहिला आणि एके दिवशी तिकिटं घेऊन आला. निघायच्या दिवशी दुकानासमोर हार घालून घेतले. तिकडे भाड्याच्या गाडीवर पहिल्यांदा काय लावलं असेल तर 'सोलापूर' लिहिलेलं स्टिकर. "तिथं जे मिळंल ते खाल्लं, जमिनीवर झोपलो," असं तो भाषणात सांगायचा. खाल्ल्या होत्या दानेश्वरीनं इथून नेलेल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी. एकदा तंबूत झोपायची वेळ आली, तर त्यानं रात्रभर तिला उठवून विचारलं होतं, बाहेर कसला आवाज येतोय.

गोष्ट दर खेपेला वाढत गेली. आधी खिंडीत पाऊस होता. दसऱ्यापर्यंत त्याचा बर्फ झाला. संक्रांतीच्या सुमारास त्यात लांडगा आला. यावेळी आणखी काय येणार, याची दानेश्वरी वाट बघायला लागली होती. भाजका शेंगदाणा जसा चवीनं खावा, तसा त्याच्याबद्दलचा तिरस्कार ती मनातल्या मनात चघळायची, आणि घरी परतताना गाडीत शांत बसायची. वीस वर्षं याच्या पाठीमागं ती अशीच शांत बसत आली होती.

खरं काय झालं ते दोघांनाच माहीत होतं.

गेल्या वर्षीचा ऑगस्ट होता. खिंडीचा रस्ता खडीचा, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पावसात बर्फाची बारीक चुरी मिसळून पडत होती. एका वळणावर गाडीचं मागचं चाक घसरलं, गाडी आडवी झाली आणि कडेला जाऊन थांबली. दोघांना खरचटलंसुद्धा नाही. दानेश्वरी उठून उभी राहिली. विरेश उठला नाही. तो रस्त्यातच मांडी घालून बसला. हेल्मेटची काच आतून धुरकटली होती, आणि हनुवटीखालचा पट्टा त्याला सुटेना, कारण हात थरथरत होते. तिनं खाली बसून पट्टा सोडला. आतून जो चेहरा बाहेर आला तो तिनं कधी पाहिला नव्हता. रडून ओला झालेला. तो कानडीत काहीतरी पुटपुटत होता. एरवी कानडी तो फक्त आईशी बोलायचा.

"मला नाही जमणार," असं तो म्हणत होता, एवढं तिला कळलं.

तिनंच मग वाटेत उभं राहून ट्रक थांबवला. गवताच्या पेंढ्या भरलेला जुना ट्रक, चालवणारा म्हातारा, त्याच्याबरोबर दोन माणसं. भाषा कोणाचीच कोणाला येत नव्हती. तिनं गाडीकडे बोट दाखवलं, नवऱ्याकडे दाखवलं, हात जोडले. त्या माणसांनी गाडी उचलून पेंढ्यांवर चढवली, दोरानं बांधली. पुढं ड्रायव्हरशेजारी ती दोघं बसली. विरेशनं तिचा हात धरला तो खिंड उतरेपर्यंत सोडला नाही. मग तिच्या खांद्यावर डोकं टाकून तो झोपला.

त्या ट्रकात तिला फार बरं वाटलं होतं. हे तिनं कधी कोणाला सांगितलं नाही, सांगता आलंही नसतं. म्हातारा मधूनमधून वळून बघायचा आणि हसायचा. खांद्यावर ओझं होतं, बाहेर ढग उघडत होते, आणि तिला वाटलं होतं, हा असाही आहे. याच्याशी बोलता येईल. सोलापूरला गेल्यावर कदाचित आपण दोघं बोलू.

दुसऱ्या दिवशी हॉटेलातून त्यानं भावाला फोन लावला. "खिंड मारली की. सोपी नव्हती," असं तो म्हणाला आणि बोलता बोलता खिडकीतून बाहेर बघत राहिला. आईच्या कानावर जाऊ नये म्हणून बोलत असेल, असं तिनं मनाला सांगितलं. मग सोलापूर आलं, आणि भाषणं सुरू झाली.

"तर काका, तुम्हीच सांगा," गुरु म्हणत होता. "तुम्ही नको म्हणाला तर लांबनं जातो. शिवानीचं म्हणणं, एवढं जाऊन खिंडच नाही केली तर काय केलं."

दानेश्वरीनं विरेशकडे बघितलं. तो मिशीवरून बोट फिरवत होता.

"तू पुण्याच्या घाटात चालवतोस ना गाडी?"

"हो. रविवारी."

"मग झालं की. हिंमत पायजे. रस्ता काय खात नाही."

"अहो," दानेश्वरी म्हणाली, "आपण ऑगस्टात गेलो होतो. ही पोरं दिवाळीत चाललीत."

"माहीत आहे मला."

"जरा आठवून सांगा."

"आठवायचं काय त्यात? सकाळी लवकर निघायचं. पहिल्या गिअरमध्ये चढवायची. ब्रेक दाबायचा नाही. बास." तो नकाशाकडे बघत बोलत होता. तिच्याकडे बघत नव्हता.

गुरुनं खिशातून पेन काढून खिंडीवर गोल केला. शिवानी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिच्या हातावरची सणाची मेंदी अजून पुरती उतरलेली नव्हती. दानेश्वरीला ते खडीचं वळण दिसलं. त्यावर ही पोरगी मागं बसलेली.

वाट बघून झाली होती. हा बोलणार नाही. दोन पोरं कड्यावरून गेली तरी हा माणूस स्वतःची गोष्ट मोडणार नाही, हे तिला इतकं स्वच्छ कळलं की रागसुद्धा आला नाही. पायाखाली काही चिकट लागावं तसं वाटलं फक्त.

"शिवानी," ती म्हणाली, "त्या खिंडीतनं आम्ही गाडीवर आलो नाही."

गुरुचं पेन थांबलं.

"ट्रकात टाकून आणली गाडी. गवताचा ट्रक होता. वर चढताना घसरलो आम्ही, कड्याला जाऊन थांबलो. बर्फ असता तर थांबलोही नसतो."

बाहेर कुठंतरी गणपतीच्या मांडवात गाणं लागलं आणि बंद झालं. दानेश्वरीनं नवऱ्याकडे वळून बघितलं, आणि तिला तोच चेहरा दिसला. हेल्मेटमधून बाहेर आलेला. वर्षभरानं, स्वतःच्या हॉलमध्ये, स्वतःच्या सोफ्यावर, ओठ तसेच सुटलेले, डोळे तसेच. तिला वाटलं, आता तो बोलेल. नुसतं 'हो' म्हणाला असता तरी चाललं असतं.

तो बोलला नाही. आणि तो चेहरा तिला बघवेना.

"मी घाबरले," ती म्हणाली. "खाली बसले ते उठेचना. रडायला लागले. माझ्यासाठी थांबवला यांनी ट्रक."

शिवानी उठून तिच्याजवळ येऊन बसली आणि तिनं तिचा हात धरला.

"काकू, मग सांगायचं की आधी."

"सांगणार नव्हतो मी," विरेश म्हणाला. आवाज अजून घट्ट झाला नव्हता. तो खाकरला. "बायामाणसाची गोष्ट. चारचौघांत कशाला. म्हणून मी आपला गाडीवरनं आलो म्हणून सांगत होतो."

"काका, म्हणजे तुम्ही काकूंसाठी..." गुरु म्हणाला.

"जाऊ दे रे." विरेश सोफ्यावर मागं टेकला. "हिला हेल्मेटचा पट्टासुद्धा सुटंना. हात असे थरथरायलेले." त्यानं दोन्ही हात पुढं करून थरथरवून दाखवले. "काच आतनं धुरकटलेली. मी बसलो खाली, पट्टा सोडला. लई रडली बिचारी. मग मी रस्त्यात उभारलो, ट्रकला हात केला. भाषा येत न्हाय. गाडीकडं बोट दाखवलं, हिच्याकडं दाखवलं, हात जोडले."

दानेश्वरी ऐकत राहिली. एकही गोष्ट तो विसरला नव्हता. पट्टा, काच, जोडलेले हात, म्हाताऱ्याचं वळून वळून हसणं, सगळं जागच्या जागी होतं. एवढं नीट त्याला आठवत होतं आणि वर्षभर त्यानं तिला त्यातलं एक अक्षर बोलून दाखवलं नव्हतं.

"ट्रकात माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली," विरेश म्हणाला. "खिंड उतरेपर्यंत हात सोडला नाही बघ."

तिनं शिवानीच्या हातातून आपला हात हळूच काढून घेतला आणि फरशीवरचे कप गोळा करायला वाकली.

गुरुनं मोबाईलवर लांबचा रस्ता काढला. एक दिवस जास्त लागणार होता. "बघ, तलावाच्या काठनं जातो," शिवानी म्हणाली, आणि दोघं कुठं मुक्काम करायचा ते बोलू लागली. जाताना दोघं पाया पडली. शिवानीनं दानेश्वरीला वाकून मिठी मारली. तिला कीव आली होती ते मिठीतून कळत होतं.

गेट लावून विरेश आत आला. दानेश्वरी स्वयंपाकघरात कप धूत होती. तो दारात उभा राहिला. तिला वाटलं, आता तरी. इथं तिसरं कोणी नाही.

तो जवळ आला आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"एवढं मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "उंचावर होतं असं. कुणालाही भीती वाटते. त्यात लाजायचं काय?"

तिनं नळ बंद केला आणि वळून त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. कुठं नाटक असेल तर दिसावं म्हणून. डोळ्यांत, ओठांच्या कडेला, कुठंच काही नव्हतं. तो मनापासून तिची समजूत काढत होता.

"पुढच्या वर्षी मंडळातले काहीजण मंगोलियाला जाऊ म्हणायलेत," तो पुढं म्हणाला. "तुला भीती वाटत असंल तर हळू चालवतो मी."

"मी नाही येणार."

"आता असं काय? रुसलीस व्हय?"

"रुसले नाही. तुम्ही जा. एकटे जा."

तो हसला. मग हसू तिथंच राहिलं आणि खांद्यावरचा हात हळूहळू खाली आला.

"एकटा?" तो म्हणाला. "एकट्यानं कसं जमंल मला?"

दानेश्वरीनं पदराला हात पुसले, त्याच्या बाजूनं बाहेर गेली आणि हॉलमधला टीव्ही लावला.