उडवीवरची सून

मसुऱ्याच्या हरिश्चंद्राने रचलेली गवताची उडवी पावसात कधी भिजली नाही आणि वाऱ्यात कधी कलली नाही, हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नसेल त्याला हरिश्चंद्र स्वतः सांगायचा. पण गेल्या साली उडवीवरून उतरताना त्याचा पाय घसरला, कंबर धरली, आणि डॉक्टरने शिडी चढायलाही मनाई केली. तेव्हापासून घरात एकच प्रश्न होता, यंदा उडवी रचायची कोणी?

मुलगा सर्वेश कणकवलीला ऑफिसात. त्याने आपल्यापुरतं उत्तर काढलं होतं.

"गवत भायर रवला तर कुजतला," तो म्हणाला. "विकत आणून गाय पोसूक परवडणा नाय. तांबू भाईक देवया."

तांबू हरिश्चंद्राच्या हातावर जन्मलेली. ती गेली तर सकाळी उठायचं कशासाठी, हेच त्याला कळेना. पण ज्याला उडवी रचता येत नाही त्याने गायीचा हट्ट कोणत्या तोंडाने धरावा?

रविवारी सकाळी सर्वेश गुरं विकत घेणाऱ्या भाईला आणि त्याच्या टेम्पोला आणायला गेला. सड्याच्या माळावर कापून, वाळवून, बांधून आणलेल्या गवताच्या पेंड्या खळ्यात पडून होत्या. सून संचिता बाहेर आली ती ओढणी कमरेला आवळूनच.

"बाबा, मी चढतंय. तुमी खालसून पेंडी देवा आणि तोंड चालवा. तां तुमका बरा जमता."

"बाईमाणूस उडवीवर चढणा नाय."

"असा कोण म्हणता?"

"सगळीच म्हणतत."

"मगे बोलवा सगळ्यांका. तेंका चढवया."

हरिश्चंद्राने आजूबाजूला पाहिलं. वाडीतली निम्मी दारं मुंबईला गेलेली, बोलवायचं कोणाला? त्याने पेंडी वर द्यायची बांबूची आकडी उचलली.

मधोमध रोवलेल्या खांबाभोवती गवत चढू लागलं. पेंडीचा बुडखा बाहेर, शेंडा आत, आणि मधला भाग कायम उंच, म्हणजे पाणी आत न मुरता बाहेर ओघळतं. संचिता गोल फिरत पायांनी दाबत होती आणि खालून सासरा बोंबलत होता.

"तुडव गो, तुडव! नव्या नवरीसारखी काय चलतंस!"

कुसळांनी तिच्या पोटऱ्या लाल झाल्या, पण ती थांबली नाही. दुपारपर्यंत हरिश्चंद्राचा आवाज बसला आणि उडवी त्याच्या डोक्यावर गेली. मग त्याच्या लक्षात आलं. पेंडी घ्यायला संचिता दर वेळी त्याच्याकडेच वळत होती, त्यामुळे त्या बाजूला गवत जास्त पडलं होतं. उडवी कलली होती. पडण्याइतकी नव्हे, टोमणे खाण्याइतकी. एरवी त्याने सगळी उतरवून पुन्हा रचायला लावली असती. आज त्याने नुसती पुढची पेंडी वर दिली.

शेंडा बांधून झाल्यावर वरून आवाज आला, "बाबा, आता उतरू कशी?"

हरिश्चंद्राच्या तोंडचं पाणी पळालं. शिडी अर्ध्यापर्यंतच पुरत होती. उतरायची रीत वेगळी होती. काथ्याचा दोर उडवीवरून पलीकडे टाकायचा, पलीकडच्याने अंगाचा भार देऊन तो धरायचा आणि वरच्याने अलीकडून दोर पकडून उतरायचं. इतकी वर्षं पलीकडे सर्वेश असायचा. हरिश्चंद्राने दोर टाकला, धरला, ओढला आणि कळ येऊन तिथेच वाकला.

"सोडा बाबा! मी बसतंय हय. येतीत ते इतक्यात."

आणि ती खरोखरच मांडी घालून बसली.

टेम्पो आला. सर्वेश परस्पर गोठ्यात गेला, तांबूला सोडून दाव्याने खळ्यात घेऊन आला आणि जागच्या जागी थांबला.

"तू थंय वर काय करतंस?"

"तुमची वाट बघतंय. दोर धरा."

सर्वेशने उडवीकडे पाहिलं, मग बापाकडे. एका हातात दावं, समोर लोंबणारा दोर. दोर एका हाताने धरायचा नसतो, हे लहानपणी बापानेच धपाटा घालून शिकवलेलं होतं.

"आधी बायलेक उतरय," भाई म्हणाला. "गाय खंय पळान जाता?"

"बाबा, ह्यां धरा जरा," म्हणत सर्वेशने दावं बापाच्या हातात दिलं, दोर खांद्यावरून घेतला आणि पाय रोवून मागे रेलला. संचिता सरसर खाली आली. केसांत गवत, चेहऱ्यावर गवत. सर्वेशच्या तळहातांवर दोराचे वळ उठले होते, तरी तिचे पाय जमिनीला लागेपर्यंत त्याने दोर सोडला नाही.

भाईने उडवीला एक फेरी मारली. "वर्साचा गवत दारात रचान गाय इकतंस? बोल रे, न्हेव की नको?"

सर्वेश दावं घ्यायला वळला. बापाचे हात रिकामे होते. गोठ्यात तांबू खुंट्याला बांधलेली होती, दुहेरी गाठ मारून, आणि तिच्यापुढे ताजी पेंडी सोडलेली होती.

"बाबा, तुमका धरूक सांगितलंय मा?"

"माझी कंबर दुखता. खुंट्याक सांगितलंय धरूक."

भाई आधी हसला, मग संचिता. सर्वेशने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. रिकाम्या टेम्पोला टेकून त्याने उडवीकडे पाहिलं.

"बाबा, वायच कललीहा ती."

हरिश्चंद्राला इतका आनंद झाला होता की भांडायचंसुद्धा सुचेना.

"कललीच आसा," तो म्हणाला. "पुढल्या वर्सा तू त्या बाजून पेंडी दी. सरळ होतली."