तीस कासऱ्यांवरचं घरटं

नवेगाव बांधच्या आसपास लग्न कुणाचंही असो, फोटो पुष्पांजलीचेच. नवरदेवाचा चेहरा कसाही असला तरी अल्बमात तो देखणाच दिसायचा. पण यंदाच्या भादव्यात सारसांच्या एका जोडीने तिचा घाम काढला.

गावच्या जुन्या तलावात देवधान, म्हणजे आपोआप उगवणारं रानधान, दाट माजलं होतं आणि त्यात या जोडीने घरटं केलं होतं. नेमकं तेच रान साफ करायला बुधवारी मशीन येणार होतं. सरपंच शामकलाबाई काही दुष्ट बाई नव्हत्या, पण मासेमारांच्या सोसायटीने वर्षभर तगादा लावला होता आणि मशीन मोठ्या मिनतवारीने मिळालं होतं. घरट्याची गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या, "उडते सारस त मलेबी दिसतेत. पिल्लू दाखव. पिल्लू दिसलं का मशीन वापस."

पुष्पांजलीच्या बापाला, परसरामला, दोन दिवस जेवण गेलं नाही. तलाव त्याच्या पूर्वजांनी खांद्यावर माती वाहून बांधलेला आणि त्याचं पाणी पन्नास वर्षं त्याने वाटलेलं. ही जोडी अकरा वर्षं येत होती. एकदा घरटं मोडलं की सारस त्या पाण्याकडे पुन्हा वळून बघत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

फोटोचा पहिला मान अर्जुनीच्या फोटोग्राफर भोजराजला मिळाला होता. त्याच्याकडे कॅमेऱ्याच्याच कंपनीची लेन्स, आणि त्या लेन्सपेक्षा तिचा तोरा मोठा. पण लेन्स आखूड पल्ल्याची, म्हणून पठ्ठ्या कमरेएवढ्या पाण्यात उतरला. दोन्ही पक्षी ओरडत उडाले, तासभर घरट्यावर परतले नाहीत, आणि कावळे वर घिरट्या घालत राहिले. फोटोत आलं नुसतं गवत. तेव्हा शामकलाबाईंनी फर्मान काढलं, की तुडुमाच्या पुढे कुणी पाऊल टाकायचं नाही. तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीतलं, बांधातलं, पाणी सोडायचं तोंड. तिथून घरटं तीस कासरे लांब. बैलाच्या कासऱ्याने मोजलेलं हे माप परसरामला पाठ होतं, कारण उन्हाळ्यात तलाव आटला की त्याच जागी तो काकड्या लावायचा.

लांब पल्ल्याची लेन्स घ्यायला सोमवारी बापलेक गोंदियाला इंद्रकुमारच्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. त्याने काचेच्या टेबलावर दोन लांब लेन्स ठेवल्या. एक कॅमेऱ्याच्या कंपनीची, चारशे मिलिमीटरच्या पल्ल्यापर्यंत जाणारी, हलकी आणि चपळ. दुसरी भलत्याच कंपनीची, सहाशेपर्यंत जाणारी, वरवंट्यासारखी जड आणि किमतीने निम्मी.

"दीदी, आँख बंद करके कंपनीवाली ले लो," इंद्रकुमार म्हणाला. "ये दूसरी सहाशेवर थोडी नरम पडते, कडा धूसर येतात. फोकसपण जरा आरामात घेते."

भोजराज कुठल्याशा दुरुस्तीसाठी तिथेच बसला होता. "दुसऱ्याच्या गंजाचं झाकण आपल्या गंजावर बसत नाही, पुष्पा," पातेल्या-झाकणाची म्हण टाकत तो हसला.

पुष्पांजलीचा जीव टांगणीला लागला. इंटरनेटवर तिने आठवडाभर वाचलं होतं. अर्धे लोक कंपनीची आरती ओवाळत होते, अर्धे तिच्या नावाने बोटं मोडत होते. पैसे एकाच लेन्सपुरते होते आणि दिवसही एकच हातात होता. चुकली असती तर तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

परसरामने मात्र दोन्ही लेन्स नुसत्या हातात तोलल्या आणि विचारलं, "बैल घेताना आपण का करतो? दावनीवर पाहून घेतो, का धानाच्या बांधीत जुंपून?"

"जुंपून," ती म्हणाली.

"मंग इथं कायले पाहून राहिली?"

इंद्रकुमारलाही गंमत वाटली असावी. दोन्ही लेन्स घेऊन तो त्यांच्यासोबत गावाबाहेरच्या ओळखीच्या राईस मिलवर आला. परसरामने पिशवीतून खराच कासरा काढला. तीस वेळा मोजून मिलच्या भिंतीवर तांदळाचं रिकामं पोतं टांगलं. "हे घरटं. आता वाच," तो म्हणाला.

आधी कंपनीची लावली. फोकस चुटकीसरशी. पोत्यावरची मोठी अक्षरं लख्ख आली, पण खालची बारीक ओळ मुंग्यांची रांग झाली. मग दुसरी लावली. बारीक ओळ मोठी दिसली खरी, पण सगळी धुरकट.

"बोला था ना," इंद्रकुमार म्हणाला.

पुष्पांजलीला रडूच फुटायचं बाकी होतं. पुन्हा डोळा लावला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की अक्षरं धुरकट नाहीत, हलताहेत. लेन्सच्या भाराने तिचेच हात थरथरत होते. बाजूला कोंड्याची भरलेली पोती रचली होती. तिने त्यावर मुठीने खळगा केला, लेन्स त्यात निजवली, श्वास धरला आणि बटण दाबलं.

बारीक ओळीतलं अक्षर न् अक्षर वाचता आलं. कडेला किंचित मऊपणा होता, इंद्रकुमार खोटं बोलला नव्हता. पण पिल्लू ओळखायला कडा लागत नाहीत, पल्ला लागतो.

"हीच द्या, भाऊ," ती म्हणाली. परसरामने मिलवाल्याकडून कोंड्याचं एक चुंगडं, म्हणजे भरलेलं पोतं, मागून घेतलं.

बुधवारी उजाडताच पाळीवर गाव लोटलं. मशीन घरघरत उभं होतं, सोसायटीचे लोक घड्याळं बघत होते, आणि भोजराज गळ्यात कॅमेरा अडकवून मजा बघायला आला होता. शामकलाबाईंनी मशीन बंद करायला लावलं. "आठ वाजेपर्यंत थांबतो," त्यांनी सांगितलं.

पुष्पांजली तुडुमावर पालथी झोपली. समोर कोंड्याचं चुंगडं, त्यात लेन्स. मादी घरट्यावर बसलेली, हलेना. सात वाजले, साडेसात वाजले. मुंग्या कोपराला चावत होत्या. सोसायटीतल्या एकाने "अंडं बी नसन तिथं" असा टोमणा मारला, तरी तिने कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नाही.

पावणेआठला नर चालत आला, चोचीत काहीतरी धरून. मादी उठली. तिच्या पोटाखालून दालचिनीच्या रंगाचं एक डोकं वर आलं. लेन्सने क्षणभर इकडेतिकडे चाचपडून फोकस धरला. तेवढ्यात त्याच्या मागून दुसरं डोकं आलं. पुष्पांजलीचं बोट थांबलंच नाही.

तिने कॅमेरा शामकलाबाईंपुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला, पाहिलं, पुन्हा पाहिलं. "दोन हायेत व," त्या हळूच म्हणाल्या आणि मग पाळीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "मशीन वापस घ्या. पिल्लं उडेपर्यंत या तलावात कोनी उतरनार नाई."

सोसायटीचे लोक कुरकुरले, पण फोटो पाहायला तेच सगळ्यांत पुढे घुसले. मघाचा टोमणेवाला तर बायकोला दाखवायला दुसऱ्यांदा आला. मशीन मागे वळलं आणि धुरळा उडवत सडकेला लागलं.

भोजराजने कॅमेऱ्याच्या पडद्यावरची पिल्लं मोठी करून पाहिली. त्याच्या तोंडावरचं हसू कधीच उतरलं होतं. "पुष्पा, एक दिवस देशील का ही लेन्स?" त्याने विचारलं.

"नेजो," तिच्याआधी परसरामच बोलला. त्याने चुंगडं झटकून उचललं आणि भोजराजच्या खांद्यावर ठेवलं. "पर हे बी संगं नेजो. अन् तुडुमाच्या पुढं जाजो नको."