नुकागाच्या नावाची टीम

लेखाच्या शेवटी आभार मानले होते, आणि त्यात अकरा नावं होती. सरावाला आलेले सगळे होते. टीमचं चित्र काढून देणारा होता. ऐन सामन्यात चार्जर दिला म्हणून एका शेजाऱ्याचंही नाव होतं. चितोसे वाकुईचं तेवढं नव्हतं.

चितोसे नागोयात दातांच्या एका प्रयोगशाळेत कवळ्या घडवायची. जेवणाच्या सुट्टीत, भाताचा गोळा हातात तसाच धरून, तिने तो लेख वाचला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हंगाम संपला की वरच्या दहांत आलेल्याने आपली टीम जगासमोर उघडी करायची, ही राक्षसांच्या झुंजींचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांची रीत. सहा राक्षस कोणते, कुणाकडे कोणती वस्तू, वेग किती, बचाव किती, आणि तो तेवढाच का, सगळं लिहायचं. त्याचे पैसे मिळत नाहीत, नाव मिळतं. आणि ज्याचं नाव शेवटच्या आभारांतही आलं नाही, तो माणूस त्या टीमच्या आसपासही कधी नव्हता असं सगळे धरून चालतात.

लिहिणारा होता नुकागा. कॉलेजच्या क्लबात तो तिच्या दोन वर्षं पुढे होता, म्हणून ती त्याला अजून ‘तुम्ही’ म्हणायची. पोटापाण्यासाठी तो दुकानांना झेरॉक्सची यंत्रं विकत असे. हा निव्वळ योगायोग होता, पण त्या दिवशी चितोसेला तो मुळीच योगायोग वाटेना.

टीमचा सगळा खेळ दोघांवर होता. एक नुमाबोझू, दलदलीतला बेडूक, इतका सुस्त की त्याला कुणी जवळ करत नसे. दुसरी तेत्सुगामा, चालती लोखंडी किटली. तिने वाफ सोडली की मैदानातला क्रम उलटतो आणि जो सगळ्यांत मंद, तो सगळ्यांत आधी मारतो. या दोघांची जोडी जमवायला चितोसेने पाच महिने घासले होते, आणि सरावासाठी म्हणून टीम नुकागाला दिली होती. नुकागाने लिहिलं होतं, “एका संध्याकाळी टबात अंग शेकत बसलो असताना सुचलं.” लोक त्या टीमला आता ‘नुकागाची टीम’ म्हणत होते.

शनिवारी दुपारी ती ओसू भागातल्या गेमच्या दुकानात गेली. वरच्या मजल्यावर पंधरा-वीस खेळाडू जमले होते, आणि मध्ये नुकागा नवरदेवासारखा बसला होता.

“नुकागासान, एक विचारू? नुमाबोझूचा बचाव एकशे तेवीस का ठेवलात?”

“वा, ये ये वाकुई. त्याचं असं आहे, एकशे तेवीसवर तो विजेचा फटका सोळांतून पंधरा वेळा सोसतो. सोळाव्या वेळेचा धोका मी जाणूनबुजून पत्करला आणि वाचलेला गुण दुसरीकडे लावला. लेखात तीन परिच्छेद आहेत त्यावर. वाचला नाहीस वाटतं?”

“वाचला की. दुसरीकडे म्हणजे कुठे लावलात?”

नुकागा मोबाईलवर आपलाच लेख खाली-वर सरकवू लागला.

“मी सांगते. कुठेच नाही. पाचशे गुण वाटायचे असतात, तुमच्या बेडकाला चारशे नव्याण्णव मिळालेत. नोव्हेंबरात माझी बेरीज चुकली होती. कळवायच्या आत तुम्ही वर पोचलात. टीम उचललीत ती उचललीत, माझी चूकसुद्धा झाडून-पुसून नेलीत!”

कोणीतरी मोबाईलवर बेरीज केली आणि फिसकन हसलं. मग बाकीचेही हसले. नुकागाचे कान लालबुंद झाले.

“बरं, तुझी तर तुझी,” तो म्हणाला. “मग तू कुठे होतीस वरच्या दहांत? आकडे जुळवणारे ढिगाने पडलेत गं, खेळायला छाती लागते. मेमध्ये तोयोहाशीला निवड स्पर्धा आहे. तिथे मला हरवून दाखव. लेखात तुझं नाव घालतो, सगळ्यांत वर. हे सगळे साक्षीदार.”

“शब्द फिरवाल.”

“मी? आधी तू तोंड दाखव म्हणजे झालं.”

त्या दिवसापासून चितोसे दुसरं काही करेना. तिला राष्ट्रीय स्पर्धेत जायचं नव्हतं, बक्षीस नको होतं. लेखावर आपलं नाव हवं होतं, आणि ते नुकागाच्या हातून लिहून हवं होतं. ती टीम बांधायला बसली ती अशी, की एकेक राक्षस त्याच्या एकेका राक्षसाच्या उरावर बसवायचा. किटलीने वाफ सोडायच्या आत तिला आडवी करायला हारिकाझे नावाचा पक्षी घेतला, आणि त्याचा वेग नुकागाच्या सर्वांत चपळ गड्यापेक्षा बरोबर एकाने जास्त ठेवला. नुकागाचे सगळे आकडे लेखात होतेच. कवळीचा दात कानशीने घासावा तशी ती एकेक गुण घासत होती. घासताना त्याचा चेहरा डोळ्यांसमोर असे आणि त्यामुळे काम झटपट होई.

सरावाला तोकुनागा होते. अठ्ठावन्न वर्षांचे, शहर बसचे चालक, तोंडाने फटकळ. सुट्टीच्या दिवशी ते सकाळी कॉफीच्या दुकानात तिच्यासमोर बसत, आणि नुकागाची टीम सोडून दुसऱ्या कुठल्याही टीमने खेळले की चितोसेला धुऊन काढत.

“वाकुईसान, ही टीम नाही, विष आहे. तेही एकाच माणसाच्या मापाचं.”

“मला तोच एक मारायचाय.”

“आणि बाकीचे? ते काय तुला वाकून नमस्कार करून बाजूला होणार आहेत? सात फेऱ्या असतात. जितके तू जिंकशील तितकेच जिंकलेल्याशी पुढची फेरी. तो वर, तू खाली, मग भेटणार कुठे? निदान सहावी जागा तरी बाकीच्यांसाठी ठेव.”

“बाकीच्यांशी माझं भांडण नाही.”

“त्यांच्याशी खेळावं तर लागेल ना, बाई!”

पुढच्या आठवड्यात सहाव्या जागी तिने दलदल शोषून घेणारी एक गोगलगाय आणली, जी नुमाबोझू सोडून जगात कुणाच्याही उपयोगाची नव्हती. तोकुनागांनी तिच्याकडे पाहिलं, आपलं कन्सोल पिशवीत टाकलं.

“माझ्या सुट्ट्या फुकट मिळत नाहीत. तू आणि तो नुकागा, दोघं एका माळेचे मणी. एकत्र होतात तेच बरं होतं,” असं म्हणून ते निघून गेले आणि परत आले नाहीत. चितोसेला राग आला. म्हातारा घाबरला, असं तिने स्वतःला सांगितलं.

तोयोहाशीच्या सभागृहात पहिल्याच फेरीत तिला शाळकरी मुलगी मिळाली. मुलीने आगीच्या राक्षसांनी सहा मिनिटांत तिची गोगलगाय भाजून काढली आणि फार नम्रपणे आभार मानले. दुसरी फेरी हरली. तिसरीही. तोकुनागांचं ऐकायला हवं होतं हे तिला पुरतं कळलं, आणि कळल्याचाच जास्त संताप आला.

पण नुकागा वर नव्हता. नामांकित म्हणून त्याची पहिली फेरी मोठ्या पडद्यावर लावली होती. लेख त्या सभागृहातल्या प्रत्येकाने वाचलेला. जो तो त्याच्या टीमवर उतारा घेऊन आलेला. आणि त्याने एक आकडाही बदलला नव्हता. बदलला असता तर चितोसेचं म्हणणं खरं ठरलं असतं ना! सर्वांसमक्ष नुमाबोझूवर वीज पडली, ती नेमकी सोळांतली सोळावी. सभागृह “आऽ” करून ओरडलं. नंतरच्या दोन फेऱ्याही त्याने घालवल्या.

अशी चौथ्या फेरीत दोघांची गाठ पडली. शेवटचं टेबल, स्वच्छतागृहाच्या दाराशी. दोघंही तीन हरलेले, राष्ट्रीय स्पर्धेच्या शर्यतीतून बाद. बघायला कोणी नव्हतं. पंचाने जांभई देत दोघांना एकमेकांच्या टीमचा कागद दिला.

नुकागाने तिचा कागद वाचला. वाचता वाचता त्याचे ओठ पांढरे पडले.

“सहाच्या सहा? माझ्यासाठी?”

“तुमच्यासाठी. तीन महिने.”

“वेडी आहेस तू.”

“खेळा.”

पक्ष्याने किटली आडवी केली. गोगलगायीने दलदल पिऊन टाकली. बेडूक उभ्या उभ्या संपला. दुसरा डावही तसाच. अकरा मिनिटांत दोन्ही डाव तिचे झाले. वर्षभरात तिला असा आनंद झाला नव्हता.

“शब्द,” ती म्हणाली.

“शब्द म्हणजे शब्द.” नुकागाने तिथेच मोबाईल काढला. तो बराच वेळ लिहीत राहिला, आणि लिहिता लिहिता त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. मग त्याने मोबाईल तिच्यापुढे सरकवला.

लेखाचं शीर्षक बदललं होतं: ‘चितोसे वाकुईची टीम’. खाली लिहिलं होतं, “आज पडद्यावर आपण जी टीम कोसळताना पाहिलीत ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाकुईची. राक्षस तिने निवडले, आकडे तिने ठरवले. एकशे तेवीस हा बचाव तिच्या चुकलेल्या बेरजेतून आला. ती चूक तिने मला तीन महिन्यांपूर्वी सांगितली होती, पण तिच्या टीमला हात लावायचा मला अधिकार नव्हता. मी फक्त खेळलो.”

पडद्यावरचा सामना पाहिलेले लोक लेखावर तुटून पडले होते. पहिली प्रतिक्रिया आली सुद्धा: “अच्छा, म्हणजे हिच्यापायी हरला बिचारा.” दुसरी आली: “बेरीज येत नाही तर आकडे कशाला जुळवायचे?” खाली आणखी येत होत्या.

“पुसून टाक,” चितोसे म्हणाली. तिने त्याला पहिल्यांदाच एकेरीत संबोधलं होतं.

“का बरं? नावच हवं होतं ना तुला? सगळ्यांत वर घातलंय.” नुकागाने कन्सोल बॅगेत ठेवून चेन ओढली. “वाच नीट. एक तरी अक्षर खोटं असेल तर दाखव, आत्ता पुसतो.”

चितोसेने वाचलं. वरून खाली, मग पुन्हा वरून. नुकागा तिच्यासमोर उभा राहून वाट बघत होता, आणि तिला त्याच्यापुढे बोट ठेवायला एकही अक्षर सापडेना.